उपग्रहाच्या प्रायोगिक चित्रांवरून तालुक्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज

उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, पाऊस पडतो तो बुडातून. उपग्रह-चित्रांवरून स्थानिक अंदाज बांधताना होणाऱ्या बहुतेक चुका एवढ्या एका फरकातून निघतात, आणि चित्र जितकं नवं नि रंगीत, तितका तो फरक लवकर विसरला जातो. पुढची पद्धत कृषी महाविद्यालयं, शेतकरी उत्पादक कंपन्या, पाणलोट गट आणि हवामानाचा नाद असलेली मंडळी यांच्यासाठी आहे. मुख्य उदाहरण देशावरच्या वळवाच्या पावसाचं, म्हणजे एप्रिल-मेमधल्या गडगडाटी ढगांचं घेतलं आहे. पद्धत सर्वांत उपयोगी पडते तिथेच.

काम सुरू करण्याआधी मर्यादा ठरवा. क्षेत्र एक किंवा दोन तालुक्यांचं, मुदत शून्य ते तीन तास, आणि प्रश्न एकच: आपल्या तालुक्यात या वेळेत गडगडाटासह पाऊस येईल का? "उद्या पाऊस आहे का" हा या चित्रांना विचारायचा प्रश्न नाही. अधिकृत इशारा भारतीय हवामान विभागाचाच. त्यांचा जिल्हानिहाय तात्कालिक अंदाज दर तीन तासांनी येतो, रंगसंकेतांसह. आपण करायचं ते त्या अंदाजाला तालुक्याच्या पातळीवर धार लावण्याचं काम, तेही आपल्या गटापुरतं. आपल्या नावाने "रेड अलर्ट" वगैरे शब्द फिरवायचे नाहीत.

प्रायोगिक म्हणजे नेमकं काय

इन्सॅट-3डीआर (सप्टेंबर 2016 मध्ये सोडलेला) आणि इन्सॅट-3डीएस (17 फेब्रुवारी 2024 ला सोडलेला) या भारतीय हवामान-उपग्रहांचा प्रतिमक, म्हणजे चित्रं टिपणारा कॅमेरा, प्रकाशाच्या आणि उष्णतेच्या सहा पट्ट्यांत पाहतो. दृश्य आणि लघुतरंग अवरक्त (इन्फ्रारेड) पट्ट्यांत त्याला 1 किमीपर्यंतचं बारीक दिसतं. मध्यम अवरक्त आणि तापमान वाचणाऱ्या दोन औष्णिक अवरक्त पट्ट्यांत 4 किमी, तर बाष्पाच्या पट्ट्यात 8 किमी. या सहा पट्ट्यांची सरळ चित्रं ही नेहमीची, मुरलेली सामग्री. पट्ट्यांची वजाबाकी करून, त्यांना लाल-हिरवा-निळा रंग देऊन केलेली मिश्र चित्रं, चित्रावरून काढलेला पाऊस, ढग पुढे सरकवून दाखवणारे तात्कालिक नकाशे हे सगळं त्यावर रचलेलं. यातली काही उत्पादनं बरीच रुळली आहेत, काही अजून चाचणीत आहेत.

गणित मोसमाच्या मध्यात बदलू शकतं, रंगांची मोजपट्टी बदलू शकते, सर्व्हर कधीही बंद पडू शकतो: हे प्रायोगिक उत्पादनात गृहीत धरूनच चालावं लागतं. म्हणून पहिला नियम असा की प्रायोगिक चित्र न मिळाल्यास अडून बसेल असा अंदाज बांधायचाच नाही. आधी दृश्य, मग औष्णिक अवरक्त, मग जमिनीवरच्या नोंदी, आणि शेवटी प्रायोगिक चित्र. शेवटच्याने आधीच्या तिघांना दुजोरा दिला तर खात्री वाढवा. विरोध केला तर वहीत नोंदवा, पण एकट्याच्या बळावर अंदाज फिरवू नका.

सामान

साधा लॅपटॉप आणि बरं इंटरनेट पुरतं. हवामान विभागाच्या "रॅपिड" या पानावर इन्सॅटची चित्रं हलवून पाहता येतात, बिंदूवर टिचकी मारून तापमान आणि अक्षांश-रेखांश वाचता येतात. दिवस-रात्रीची रंगमिश्र चित्रंही तिथेच आहेत. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचं "मोस्डॅक" हे भांडार मागच्या घटनांच्या अभ्यासासाठी वापरा. नोंदणी केली की मूळ फाइली मिळतात. त्या फाइलीतला प्रत्येक बिंदूचा आकडा 0 ते 1023 यांमधला असतो. ते तापमान नव्हे. सोबत 1024 नोंदींचा तक्ता असतो, त्यातून तापमान काढावं लागतं, आणि तेही केल्व्हिनमध्ये. आकड्यालाच तापमान समजून नकाशा काढणं ही नवशिक्याची ठरलेली चूक.

याशिवाय लागेल: तालुक्याची हद्द आणि पाचसहा ठळक गावांचे अक्षांश-रेखांश एका कागदावर, किमान चार जागी साधे पर्जन्यमापक, जवळच्या महावेध केंद्रांच्या नोंदी (राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं आहेत), विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) "दामिनी" ॲप, आणि एक जाड वही. वही सर्वांत महत्त्वाची.

रडार मिळत असेल तर जरूर पाहा, पण अंतर मोजून. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनाने निघालेला किरण 200 किमीवर जमिनीपासून सुमारे 4 किमी वर गेलेला असतो. मुंबई किंवा नागपूरच्या रडारपासून तेवढ्या लांबच्या तालुक्यात ढगाचं बूड रडारला दिसतच नाही. उपग्रह-चित्रांची खरी गरज अशाच तालुक्यांना आहे.

वेळ आणि जागा आधी दुरुस्त करा

चित्रावरची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा: 0915 म्हणजे दुपारचे पावणेतीन. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कमी लोक करतात. चित्रावर छापलेली वेळ ही निरीक्षण सुरू झाल्याची. पृथ्वीची पूर्ण थाळी उत्तरेकडून दक्षिणेकडे टिपायला सुमारे 26 मिनिटं लागतात, आणि महाराष्ट्राचा पट्टा त्यात साधारण एक तृतीयांश वेळ गेल्यावर येतो. म्हणजे पावणेतीनच्या चित्रातला नगरचा ढग जवळपास 2 वाजून 54 मिनिटांचा असतो. चित्र मात्र पूर्ण होऊन, प्रक्रिया होऊन आपल्यापर्यंत सव्वातीनच्या आगेमागे किंवा त्यानंतरच पोचतं. ताशी 45 किमीने सरकणारा ढग तेवढ्या वीस-पंचवीस मिनिटांत 15 ते 19 किमी पुढे गेलेला असतो. तालुका ओलांडायला एवढं पुरतं.

जागेची दुरुस्ती याहून दुर्लक्षित. उपग्रह विषुववृत्तावर आहे, तो आपल्याकडे तिरका पाहतो, त्यामुळे उंच ढगाचा माथा नकाशावर मागे ढकललेला दिसतो. किती, ते पुण्याच्या अक्षांशासाठी असं येतं. माथा 15 किमी उंच असेल तर 74 अंश पूर्वेवरच्या इन्सॅट-3डीआरच्या चित्रात ढग खऱ्या जागेपेक्षा सुमारे 6 किमी उत्तरेला दिसतो. 82 अंश पूर्वेवरच्या इन्सॅट-3डीएसमध्ये तो 6 किमी उत्तरेला आणि शिवाय अडीच किमी पश्चिमेला दिसतो. माथा 10 किमीचा असेल तर हे आकडे दोन तृतीयांश करा. 2 किमीच्या खुज्या ढगासाठी दुरुस्तीची गरज नाही. युरोपचा मेटिओसॅट-9 सध्या 45.5 अंश पूर्वेवरून पाहतो, त्याच्यात हीच चूक सुमारे 12 किमी ईशान्येला होते. जपानचा हिमावरी-9 दर दहा मिनिटांनी सुरेख चित्रं देतो म्हणून मोह होतो, पण तो 140.7 अंशांवर बसून आपल्याकडे इतका तिरपा पाहतो की 15 किमीचा माथा साठएक किमी सरकतो. तालुक्याच्या कामाला तो वापरू नये.

यातून एक मजेशीर फसवणूक होते. 3डीआर आणि 3डीएस यांची चित्रं आळीपाळीने लावली तर दर पंधरा मिनिटांना एक चित्र मिळतं, आणि हलत्या चित्रात उंच ढग डावी-उजवीकडे डोलताना दिसतो. तो डोलत नसतो, दोन डोळ्यांनी आळीपाळीने पाहिल्यासारखं होत असतं. पंधरा मिनिटांत अडीच किमी म्हणजे ताशी दहा किमीचा खोटा वेग. वाढ पाहायला आळीपाळीची मालिका वापरा, वेग आणि दिशा मोजायला मात्र एकाच उपग्रहाची लागोपाठची चित्रं घ्या.

सकाळ: आज ढगांना वाव आहे का

सकाळी सातच्या सुमारास पंधरा मिनिटं पुरतात. पहाटे साडेपाचला सोडलेल्या हवामान-फुग्याच्या नोंदी पाहा. आपल्याला मुंबई, नागपूर किंवा गोवा यांपैकी जवळचं केंद्र लागेल. खालच्या दीड-दोन किमीत ओलावा आहे का आणि त्याच्या वर हवेचं झाकण, म्हणजे खालची हवा वर चढू न देणारा उबदार थर, किती घट्ट आहे, एवढंच बघायचं. मग बाष्पाचं चित्र: काळा पट्टा म्हणजे मधल्या-वरच्या थरांत कोरडी हवा. काळा पट्टा दिसला म्हणून दिवस निकालात काढू नका. खाली ओल असेल तर अशीच कोरडी हवा सोसाट्याचा वारा आणि गारा यांना पोषक ठरते.

विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागाकडे जाणारी वाऱ्यांच्या खंडिततेची रेषा (जिच्या दोन बाजूंना वाऱ्याची दिशा एकदम बदलते ती) हवामान विभागाच्या नकाशात कुठून जाते ते वहीत लिहा. शेवटी जमिनीवरचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान. देशावर दुपारीही तो 18 अंशांच्या वर टिकला तर दिवस जागता ठेवण्यासारखा आहे. हा आकडा सुरुवातीचा ठोकताळा आहे, आपल्या उंचीला आणि तालुक्याला तो वेगळा निघेल; दोन मोसमांच्या नोंदींवरून बदला.

साडेदहा ते एक: दृश्य पट्टा

या वेळात औष्णिक अवरक्ताकडे पाहू नका, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. नव्याने उभा राहणारा ढगाचा मनोरा समजा 2 किमी रुंद आहे आणि त्याचा माथा उणे 20 अंशांवर पोचला आहे. औष्णिक पट्ट्याचा एक चौकोन 4 किमी बाय 4 किमी, म्हणजे 16 चौरस किमी. मनोऱ्याने त्यातले जेमतेम तीन व्यापलेत, उरलेल्या भागात 40 अंशांवर तापलेली जमीन. उपग्रह दोन्हींची सरमिसळ वाचतो आणि त्या चौकोनाचं तापमान तीस अंशांच्या आसपास सांगतो. वर पावसाचा ढग तयार होतोय आणि चित्रात निव्वळ ऊन! दृश्य पट्ट्यात 1 किमीच्या चौकोनामुळे हाच मनोरा पांढरा ठिपका म्हणून ठळक दिसतो.

शोधायचं काय? विखुरलेले ठिपके महत्त्वाचे नाहीत, ओळीत लागलेले ठिपके महत्त्वाचे. घाटमाथ्याला समांतर रांग, बालाघाट किंवा हरिश्चंद्र रांगेवरची माळ, समुद्रावरून आत आलेल्या वाऱ्याची धार, आणि आदल्या ढगाच्या थंड झोताने पुढे सारलेली कमान. ही कमान म्हणजे दमून पडलेल्या ढगातून खाली कोसळलेला गार वारा. ती दुसऱ्या रांगेला जिथे आडवी येते तिथे अर्ध्या-पाऊण तासात नवा ढग उभा राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. दृश्य चित्रात ती पातळ, वक्र, दोऱ्यासारखी दिसते आणि चित्र मोठं करून पाहिल्याशिवाय हाती लागत नाही. सकाळी मळभ असलेल्या आणि नसलेल्या भागांमधली सीमाही खूण म्हणून जपा: तापलेल्या बाजूच्या काठावर ढग आधी फुटतात.

एकनंतर: माथा किती वेगाने थंडावतोय

ढगाने 4-5 किमी रुंदी धरली की औष्णिक पट्टा कामाला लागतो. ठिकाण निवडा, त्याच ढगाच्या सर्वांत थंड बिंदूचं तापमान दर चित्रात वाचा, वहीत लिहा. माथा शून्य अंशाखाली गेला म्हणजे ढग साधारण 5 किमीच्या वर निघाला, आणि थंडावणं चालूच असेल तर पुढच्या अर्ध्या तासात त्यातून पाऊस पडण्याची तयारी होतेय असं समजावं. पंधरा मिनिटांत 8 अंश किंवा अधिक घसरण हा जोमदार वाढीचा उंबरठा धरतात. 4 अंशांची घसरण म्हणजे संथ वाढ. एकाच उपग्रहाची अर्ध्या तासाची चित्रं वापरत असाल तर 16 आणि 8 असे आकडे धरा.

पुढचे टप्पे ढोबळमानाने असे: उणे 40 ला माथा पूर्ण बर्फाचा होतो, उणे 52 खाली खोल गडगडाटी ढग, आणि उणे 70 च्या पुढे माथा वातावरणाच्या छताला, म्हणजे ढगांची वाढ जिथे अडते त्या थराला, टेकत आलेला. केल्व्हिनमध्ये हेच 233, 221 आणि 203. वेगवेगळ्या पानांवरचे रंग वेगवेगळ्या पट्ट्यांचे असतात, "लाल म्हणजे धोका" हे पाठ करू नका. नेहमी आकडा वाचा.

एक महत्त्वाचा इशारा. माथा उणे 70 च्या आसपास पोचून छताला टेकला की घसरण थांबते, कारण वर जायला जागा उरलेली नसते. त्यानंतर घसरणीचा नियम निरुपयोगी. मग पाहायचं ते थंड क्षेत्राच्या काठाकडे. ज्या बाजूला तापमान एकदम बदलतं, सारख्या तापमानाच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात, ती जिवंत बाजू. जिथे ते हळूहळू विरत जातं, तो वाऱ्याने पसरवलेला पिसारा.

पिसाऱ्याची फसगत

यावर थोडं थांबायला हवं, कारण खोट्या अंदाजांतला मोठा वाटा याचाच. ढग छताला टेकला की माथा ऐरणीसारखा पसरतो आणि वरचा वारा त्याला शंभर-दीडशे किमी वाहून नेतो. चित्रात तो सगळा भाग गडद, थंड, भयंकर दिसतो. खाली उभ्या माणसाला मात्र दुधाळ आभाळ आणि फार तर चार थेंब. एप्रिलमध्ये आणि मेच्या पूर्वार्धात आपल्याकडचे वरचे वारे पश्चिमेचे असतात, म्हणून पिसारा पूर्वेकडे जातो आणि पावसाचा गाभा थंड क्षेत्राच्या पश्चिम काठाशी असतो. मोसमी काळात वर पूर्वेचे जोरदार वारे येतात, तेव्हा सगळं उलटतं: पिसारा पश्चिमेला, गाभा पूर्व काठाशी.

ढग सरकतो मात्र मधल्या थरांतल्या वाऱ्याने. पिसारा एकीकडे आणि ढगाचं बूड दुसरीकडे, असं वळवाच्या दिवसांत सर्रास होतं. त्यामुळे वेग मोजताना काठ धरायचा नाही, थंड गाभा धरायचा. काठ तर ढग जागेवर उभा असला तरी पसरतच असतो.

वेग असा काढा. 19 अंश अक्षांशाजवळ अक्षांशाचा दहावा भाग म्हणजे 11.1 किमी, रेखांशाचा दहावा भाग म्हणजे 10.5 किमी. समजा गाभा एका चित्रात 18.8 उत्तर, 74.3 पूर्व इथे आहे, म्हणजे शिरूरजवळ, आणि त्याच उपग्रहाच्या पुढच्या चित्रात, अर्ध्या तासाने, 18.9 उत्तर, 74.5 पूर्व इथे. उत्तरेला 11 किमी, पूर्वेला 21 किमी, कर्ण सुमारे 24 किमी. वेग ताशी 47-48 किमी, रोख ईशान्येकडे, थोडा पूर्वेला झुकलेला. अहिल्यानगर शहर (19.1, 74.75) या रोखावर असून तिथून अंदाजे 34 किमीवर आहे. हिशेबाने पाऊण तास. पण चित्र हातात येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेलेली, म्हणजे खरी मुदत वीस मिनिटांची. म्हणूनच दोन चित्रं मिळेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा दुपारच्या रांगा आणि घसरण पाहून आधीच "तयारीत राहा" म्हणणं शहाणपणाचं ठरतं.

दोन चित्रांमध्ये गाभा एकदम 40-50 किमी उडाला असं दिसलं तर तो वेग नव्हे. जुना ढग विरला आणि थंड झोताच्या कडेला नवा उभा राहिला. मोजमाप तिथे रद्द करून नव्याने सुरू करा.

आता प्रायोगिक रंगचित्र

दिवसाच्या सूक्ष्मभौतिकी चित्रात (ढगातले कण पाण्याचे की बर्फाचे, बारीक की मोठे हे दाखवणाऱ्या) लाल रंग दृश्य पट्ट्याचा, हिरवा लघुतरंग अवरक्ताचा, निळा औष्णिक तापमानाचा असतो. गरम तितका निळा. बर्फ लघुतरंग अवरक्त शोषून घेतो, त्यामुळे जाड, थंड बर्फाळ माथ्यात हिरवा आणि निळा दोन्ही पडतात आणि ढग लाल दिसतो. बर्फाचे कण बारीक असतील तर थोडा हिरवा उरतो आणि रंग नारिंगीकडे झुकतो. कण मोठे व्हायला सवड मिळाली नाही, म्हणजे आतला वर चढणाऱ्या हवेचा झोत जोराचा, असा त्याचा अर्थ. गारपिटीच्या दिवशी हीच खूण उपयोगी. पाण्याचे ढग पांढुरके, मेमधली उघडी जमीन निळसर-हिरवट. सर्वांत उपयोगी क्षण कोणता, तर पांढुरक्या रांगेतला एखादाच ढग लालीकडे वळू लागतो तो. रांगेतल्या कुठल्या ढगाने आघाडी घेतली, हे 4 किमीच्या औष्णिक चित्रापेक्षा यात आधी कळू शकतं.

बिघडतं कुठे? संध्याकाळी साडेपाचनंतर सूर्य तिरपा होतो, परावर्तन घटतं, रंग काळवंडतात किंवा विनाकारण लाल होतात. नेमका हाच वळवाचा कळसाचा वेळ. त्या वेळी हे चित्र बंद करा. दृश्य पट्टा अजून थोडा वेळ कामाचा असतो: तिरप्या उन्हात पिसाऱ्यातून वर डोकावणाऱ्या घुमटाची सावली पडते, आणि घुमट दिसला म्हणजे ढग ऐन जोरात आहे.

रात्रीचं चित्र दोन औष्णिक पट्ट्यांचा फरक, औष्णिक आणि मध्यम अवरक्ताचा फरक आणि औष्णिक तापमान यांचं मिश्रण असतं. धुकं आणि खालचे ढग त्यात फिकट हिरवट दिसतात. हिवाळ्यात विदर्भात ते उपयोगी आहे. उजाडताच मध्यम अवरक्तात सूर्यप्रकाश मिसळतो आणि रंग खोटे पडतात. फार थंड माथ्यांवर याच पट्ट्यात वाळू फेकल्यासारखे ठिपकेही येतात. ते ढगाचे नव्हेत, संवेदकाच्या गोंगाटाचे.

बाष्प पट्ट्याचं तापमान औष्णिक पट्ट्यापेक्षा जास्त भरलं तर माथा छत भेदून गेलाय असं मानतात. खूण चांगली आहे, पण एक पट्टा 8 किमीचा, दुसरा 4 किमीचा. दोन्ही एका मापावर न आणता वजाबाकी केली की ढगांच्या कडांना खोट्या खुणांची झालर लागते. गाभ्यातली खूण घ्या, काठावरची सोडा.

आणि चित्रावरून काढलेला पाऊस: त्यातले मिलिमीटर लोकांना सांगू नका. कुठे जास्त, कुठे कमी एवढाच क्रम वापरा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला आणि त्याच 24 तासांत कुलाब्याला 74 मिमीच्या आसपास. एकाच शहरात एवढी तफावत पडते, तेव्हा थंड माथ्यावरून मिलिमीटर सांगणं अंधारात तीर मारण्यासारखं.

फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्यरात्रीच्या सुमारास उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो. त्या वेळची चित्रं गायब होऊ शकतात किंवा त्यांत भरकटलेल्या प्रकाशाचे पट्टे येतात. रात्री बारा ते एकच्या चित्रात एकाएकी उजळ किंवा गडद पट्टा दिसला तर घाबरून कोणाला उठवू नका.

संदेश

संदेशात जागा, वेळ, काय होईल, खात्री किती आणि पुढची नोंद कधी, हे पाच घटक हवेत. उदाहरणार्थ: "दु. 3.40. तालुक्याच्या पश्चिम भागात 4 ते 5 दरम्यान विजांसह पाऊस व जोराचा वारा येण्याची शक्यता बरीच. पूर्व भागात शक्यता कमी. खळ्यावरचा कांदा झाका, झाडाखाली थांबू नका. पुढची नोंद 4.15 ला." "बरीच" म्हणजे दहापैकी सात वेळा, "मध्यम" म्हणजे पाच, "कमी" म्हणजे दोन, असं गटात एकदाच ठरवून टाका, नाहीतर प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. दामिनीवर 20 किमीच्या आत वीज दिसली तर पुढच्या चित्राची वाट पाहायची नाही. शेतातली माणसं आधी आत घ्या.

पडताळा

पडताळ्याशिवाय प्रायोगिक चित्र म्हणजे नुसती शोभा. दोन जण नेमा. पहिला फक्त दृश्य, औष्णिक आणि जमिनीच्या नोंदी पाहून अंदाज लिहील. दुसरा त्यात प्रायोगिक चित्र मिळवून. दोघांनी एकमेकांचं न बघता, पावसाआधी, वेळ टाकून लिहायचं. पाऊस "आला" कधी म्हणायचं तेही आधीच ठरवा: तालुक्यातल्या किमान एका पर्जन्यमापकात त्या तीन तासांत 2.5 मिमी किंवा अधिक.

इथे एक जुनी खोच आहे. आपल्याकडे पावसाची रोजची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मागच्या 24 तासांची असते. 12 तारखेच्या नोंदीतला पाऊस बहुधा 11 तारखेच्या संध्याकाळचा. या एका गोष्टीमुळे बरोबर अंदाज चूक आणि चूक अंदाज बरोबर ठरलेले कित्येकदा दिसतात. तीन तासांच्या अंदाजाला तासाची नोंदच हवी: स्वयंचलित केंद्राची, नाहीतर माणसाने पाऊस थांबल्यावर मोजून फोन करायचा.

मोसमअखेर हिशेब. समजा "येईल" असं 20 वेळा म्हटलं, 12 वेळा आला, 8 वेळा नाही; आणि न सांगता 6 वेळा आला. पकडलेल्या घटना 18 पैकी 12, म्हणजे 67 टक्के. खोटे इशारे 20 पैकी 8, म्हणजे 40 टक्के. हे दोन आकडे दोन्ही लेखनिकांसाठी वेगळे काढा. तीसएक घटनांनंतरही दुसऱ्याचे आकडे पहिल्यापेक्षा सुधारलेले नसतील, तर ते चित्र तुमच्या तालुक्यात काही भर घालत नाही. शेजारच्या जिल्ह्यात घालत असेलही. उत्पादनाची आवृत्ती बदलली की वहीत आडवी रेघ मारून मोजणी पुन्हा शून्यापासून.

जून लागल्यावर

मोसमी पाऊस स्थिरावला की वरचे बरेच नियम बाजूला ठेवावे लागतात, कोकणात आणि घाटमाथ्यावर तर हमखास. तिथे समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्रीला धडकून चढतात आणि पाऊस बऱ्याचदा खुज्या, उबदार माथ्याच्या ढगांतून पडतो. औष्णिक चित्रात माथा शून्याच्या आसपास, रंगमिश्र चित्रात लालीचा मागमूस नाही, आणि खाली 24 तासांत 115.5 मिमी ओलांडून अतिमुसळधार वर्गातला पाऊस. चित्रावरून काढलेला पाऊस अशा दिवशी ठळकपणे कमी येतो. घाटातल्या गावासाठी त्या काळात उपग्रहापेक्षा किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा जोर, रडार आणि वरच्या अंगाला बसवलेला पर्जन्यमापक जास्त बोलतो. मराठवाडा-विदर्भात मात्र पावसाच्या खंडानंतर उभे राहणारे गडगडाटी ढग पुन्हा मेसारखेच वागतात. तिथे पद्धत चालते. फक्त गाभा आता थंड क्षेत्राच्या पूर्व काठाशी शोधायचा, उंबरठे नव्याने तपासायचे आणि वहीत या नोंदी मेच्या नोंदींत न मिसळता वेगळ्या पानावर लिहायच्या.